आईच्या पायातला जंतू

अजूनही मला हिरड्याबद्दल विचारणारी माणसं भेटतात. कधी लग्नाच्या पंगतीत, कधी भाजी घेताना, कधी कॉलेजच्या पार्किंगमध्ये. मॅडम, ते तुमचं हिरड्याचं औषध बाजारात आलं का हो? मी नाही म्हणते. मग ते मान हलवतात आणि औषध कंपन्या येऊ देत नसतील, अशी स्वतःच स्वतःची समजूत काढतात. मी काही बोलत नाही. एकदा बोलले होते. एका नातेवाइकांना सगळं नीट उलगडून सांगितलं, प्लेट काय असते, जखम काय असते, दोन्हींत फरक काय. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, पण मग तो पाण्यातून घ्यायचा की मधातून? तेव्हापासून मी तोंड बंद ठेवलं आहे.

मी नागपुरातल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. जंतू वाढवायचे, त्यांच्यावर काहीबाही घालून बघायचं, ते मेले की आनंद मानायचा आणि लगेच पुन्हा तेच जंतू वाढवायला घ्यायचे, असा हा उद्योग. आमच्या विभागाला बरीच वर्षं एकच वेड आहे, झाडपाल्याचं. ज्यांना नेहमीची औषधं मारू शकत नाहीत असे जंतू पॅथॉलॉजीवाल्यांकडून मिळवायचे आणि त्यांच्यावर पानं, साली, बिया, मुळ्या यांचे अर्क चालवून बघायचे. कडुनिंब झाला, करंज झाला, डाळिंबाची साल झाली. काटोलकडची एक विद्यार्थिनी संत्र्यांची सालं पिशव्या भरभरून आणायची, तेव्हा आमच्या लॅबला कित्येक दिवस फळबाजाराचा वास येत होता. त्या सालांनी जंतूंचं काहीच बिघडलं नाही, पण तिचा प्रबंध झाला.

पद्धत अगदी सोपी आहे. बशीएवढी चपटी काचेची डबी असते, तिला आम्ही प्लेट म्हणतो. तिच्यात आगरची जेली ओतायची. ती थिजली की कापसाच्या बोळ्यानं तिच्यावर जंतू सारवायचे, मधे एक बारीक भोक पाडायचं, त्यात अर्क भरायचा आणि प्लेट उबेला ठेवून घरी जायचं. सकाळी बघावं तर सगळीकडे जंतूंची साय धरलेली असते. अर्कात दम असेल तर भोकाभोवती एक स्वच्छ गोल दिसतो, त्यात काही वाढलेलं नसतं. त्या गोलावर आमचं पोट आहे. स्केल लावून गोल मोजायचा, फोटो काढायचा, पेपर लिहायचा. अशा गोलांवर माणसं डॉक्टरेट झाली, विभागप्रमुख झाली. त्यातून एखादा रोगी बरा झालेला मी तरी पाहिला नाही. तो आमचा विषय नाही, असं आम्ही म्हणायचो, आणि ते मला तेव्हा खटकतही नव्हतं.

आईचं सगळं आयुष्य पायांवर गेलं. बाबा लवकर गेले. घराला लागून त्यांची पिठाची चक्की होती, ती आईनं चालवायला घेतली आणि पुढे कधी सोडलीच नाही. दादा बुटीबोरीच्या कापड कारखान्यात पाळ्या करायचा, मी शिकत होते, चक्की आईची होती. चक्कीवर बसून काम होत नाही. दळण उचलून ओतायचं, पट्ट्यावर लक्ष ठेवायचं, येणारं पीठ चिमटीत घेऊन बघायचं, डबे सरकवायचे, सगळं उभ्यानं. तिच्या भुवयांवर, पापण्यांवर कायम पीठ असायचं. कोणी बसायला स्टूल पुढे केलं की ती त्याच्यावर दळणाचा डबा ठेवायची. म्हणायची, बसली तं मी म्हातारी होईन.

तिला साखर बरीच जुनी. गोळ्या घ्यायची, पथ्य मात्र सणावारी सुट्टीवर जायचं. पुढे तिचे तळपाय बधिर होत गेले. काटा टोचला तरी कळेना. मी घाबरले, डॉक्टरांकडे नेलं. आई मात्र खूश होती. इतकी वर्षं रात्री पाय ठणकायचे, ते थांबले होते. माह्ये पाय आता दुखतच नाही, असं ती शेजारणींना कौतुकानं सांगायची. डॉक्टरांनी पाय रोज तपासायला सांगितले, घरातसुद्धा चप्पल घालायला सांगितली. एक मऊ चप्पल मी आणली. ती देवळासमोर काढतात तशी कायम दाराशी काढलेली असायची.

आमच्याकडे मे महिन्यात गच्चीवर वाळवण असतं. कुरड्या, पापड, सरगुंडे. वाळवणात चप्पल चालत नाही, अन्न आहे ते. हे कोणी सांगावं लागत नाही. त्या वर्षी आई सकाळभर चक्कीवर राहिली आणि कुरड्यांचा चीक घेऊन ऐन दुपारी गच्चीवर गेली. नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी स्लॅबवर मांजरसुद्धा पाय ठेवत नाही. आई अनवाणी पायांनी त्या स्लॅबवर सोऱ्या फिरवत, मागे मागे सरकत, अख्खी गच्ची भरून आली. तिला काहीच जाणवलं नाही. संध्याकाळी पाय धुताना उजव्या तळव्याला मोठा थोरला फोड दिसला, तेव्हा तिला वाटलं काहीतरी चावलं.

मी ही हकीकत सांगते तेव्हा ऐकणारे हळहळतात. मला हळहळायला येत नाही, मला राग येतो. त्या कुरड्या नंतर आम्ही वर्षभर खाल्ल्या. छान फुलायच्या तेलात.

फोड तिनं सुईनं फोडला, हळद भरली आणि चक्की सुरू केली. जखम चिघळली तेव्हा दादानं कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला विचारून कॅप्सूल आणल्या. दोन-चार घेतल्या, सूज उतरली, उरलेल्या डब्यात पडल्या. पुन्हा सूज आली, तेव्हा दुसऱ्या रंगाच्या आणल्या. मग पहिल्या रंगाच्या उरलेल्या आठवल्या, त्या संपवल्या. मी तेव्हा माझ्या घरी होते, शहराच्या दुसऱ्या टोकाला. मला कोणी कळवलं नाही. कळलं तेव्हा मी दादाला फाडफाड बोलले. तो म्हणाला, तू तर कॉलेजात असते, इथं मी आहे. त्याचं खोटं नव्हतं, पण त्यामुळे जंतू काही कमी झाले नव्हते. अर्धवट औषधं पाजून आम्ही त्यांना घरच्या घरी तालीम देत होतो. हाच धडा मी दरवर्षी वर्गात फळ्यावर चित्र काढून शिकवते.

सर्जननं जखम उघडली, पू तपासायला पाठवला. रिपोर्ट मीच आणायला गेले. त्यात औषधांची नावं एकाखाली एक असतात आणि प्रत्येकासमोर ते औषध जंतूला मारतं की नाही ते लिहिलेलं असतं. जवळजवळ प्रत्येकासमोर नाही होतं. शिरेतून द्यायचं एक इंजेक्शन तेवढं चालणार होतं. सर्जन सरळ बोलणारे होते. रोज इंजेक्शन, रोज ड्रेसिंग, एकही खाडा नको. जंतू आटोक्यात आला तर पाय राहील, हाडात शिरला तर पाय काढावा लागेल. आई समोर बसली होती. तिनं एवढंच विचारलं, की चक्कीवर उभं कधी राहता येईल. सर्जन म्हणाले, आधी पाय तर राहू द्या.

घराजवळच्या एका छोट्या दवाखान्यात इंजेक्शन आणि ड्रेसिंगची सोय झाली. सकाळी ऑटो यायचा, आई जाऊन यायची.

पॅथॉलॉजीत काम करणारी मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी होती. तिनं विचारलं, मॅडम, हा जंतू भारी आहे, तुमच्या लॅबला हवा का? आम्हाला असे जंतू हवेच असतात. मी आईला विचारलं. ती म्हणाली, ने ना, मले काय करायचं आहे त्याचं. मी आमच्या विभागप्रमुख सरांनाही सांगितलं, की हा माझ्या आईच्या पायातला आहे. सर म्हणाले, उत्तम, म्हणजे परवानगीचा प्रश्न नाही.

त्या वेळी आमच्याकडे हिरड्यावर काम चालू होतं. इतवारीतून आणलेले हिरडे कुटून, त्यांचा अर्क काढून, गाळून ठेवला होता. आईचा जंतू त्याच्यावर लावला. सकाळी प्लेट काढली आणि मी बघतच राहिले. एवढा मोठा, एवढा स्वच्छ गोल मी माझ्या नोकरीत पाहिला नव्हता. शेजारच्या प्लेटमध्ये नेहमीच्या औषधांत भिजवलेल्या कागदाच्या चकत्या होत्या, त्यांना जंतू अगदी चिकटून वाढला होता, जसं काही औषध तिथे नाहीच. आणि हिरड्याभोवती मात्र सगळं साफ. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. प्लेट हातात धरून मी कॉरिडॉरमधून जवळजवळ पळत सरांकडे गेले.

सर निवृत्तीला आले होते आणि त्याच महिन्यात कॉलेज तपासायला बाहेरची समिती यायची होती. त्यांनी गोल पाहिला आणि ओळखीच्या पत्रकाराला फोन लावला. तो आला तेव्हा मी त्याला तीनतीनदा सांगितलं, की हे फक्त प्लेटमध्ये आहे, हे रोग्यासाठी औषध नाही, कोणी घरी करून लावू नये, हे वाक्य छापाच. त्यानं लिहून घेतलं. मग मला खिडकीपाशी उभं केलं, प्लेट उजेडात धरायला लावली आणि म्हणाला, मॅडम, जरा हसा. मी हसले.

बातमी आली. हट्टी जंतूंवर हिरड्याचा उतारा, असा मथळा होता. खाली पांढऱ्या एप्रनमधली मी, हातात प्लेट, चेहऱ्यावर हसू. माझं वाक्य नव्हतं. विचारलं तर पत्रकार म्हणाला, शेवटची ओळ जागेअभावी गेली. शेजारी आंब्याच्या रसाच्या मिक्सरची जाहिरात होती, ती पूर्ण आली होती.

दादानं त्या पेपरच्या जेवढ्या प्रती मिळाल्या तेवढ्या आणल्या. चक्की तेव्हा पाळीवरून आल्यावर दादा चालवायचा. त्याच्याकडून आईनं एक कात्रण चक्कीत, दळणाच्या दराच्या पाटीखाली चिकटवून घेतलं. दळणाला येणाऱ्या बाया वाचायच्या आणि आई मधल्या खोलीत पाय उशीवर ठेवून पडली होती तिथे येऊन तिचं अभिनंदन करायच्या. मी गेले तेव्हा तिनं मला जवळ बसवून घेतलं. कात्रणातल्या प्लेटवर बोट ठेवून विचारलं, हे माह्याच पायातले आहेत ना? मी हो म्हटलं. तिला त्याचा अभिमान वाटला. मग तिनं सरळ विषयाला हात घातला.

"मंग मले काहून नाही लावून देत?"

मी म्हटलं, ते लावायचं औषध नाही, ती नुसती सुरुवात आहे.

"तुह्या प्लेटीत मरते तं माह्या पायात काहून नाही मरत?"

 पुस्तकी उत्तर होतं, ते मी दिलं. प्लेटमधली जेली स्वच्छ असते, तिथे रक्त नसतं, पू नसतो. तुझ्या पायात रक्त नीट पोचत नाही, जंतू आत खोल मांसात आहे. आई ऐकत होती, पण मी काहीतरी राखून ठेवते आहे असं तिला वाटत होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. दळणातलं थोडं पीठ चक्की खाते, ते गिऱ्हाइकाला सांगताना ती ज्या नजरेला सामोरी जायची, तशीच नजर तिनं माझ्याकडे लावली. मी तिला शब्द दिला, की रक्त घालून करून बघते आणि सांगते. तोवर इंजेक्शन चुकवायचं नाही. ती हाव म्हणाली.

मी खरोखरच करून बघितलं. ब्लड बँकेतून मुदत संपलेली पिशवी आणली, तिच्यातला पिवळा द्रव वेगळा केला, तो आगरमध्ये मिसळला आणि पुन्हा आईचा जंतू, पुन्हा तोच हिरडा. सकाळी प्लेट काढली. गोल नव्हता. भोकाच्या अगदी काठापर्यंत जंतू वाढला होता. मी पुन्हा लावलं, अर्क दुप्पट घेतला. तेच. यात कोडं काही नाही. हिरडा चावला की तोंड आवळतं, कारण त्यातला तुरटपणा थुंकीतल्या प्रथिनांना जाऊन चिकटतो. जखमेत तर प्रथिनांचाच चिखल असतो. हिरड्याचा सगळा जोर तिथेच खर्ची पडतो, जंतूपर्यंत काही उरत नाही.

त्या प्लेट मी सरांच्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी चष्मा वर करून पाहिल्या, पुन्हा खाली करून पाहिल्या. मी म्हटलं, हेही त्या पत्रकाराला सांगायला हवं. सर म्हणाले, "हे आपण दुसऱ्या पेपरात घेऊ, मॅडम. पहिला तर होऊ द्या." मी वाद घातला. ते आवाज न चढवता ऐकत राहिले आणि मग समितीपुढे कोणती पोस्टर लावायची त्याकडे वळले. तो दुसरा पेपर अजून व्हायचा आहे. सर निवृत्त झाले, त्यांच्या निरोपसमारंभात हिरड्याचा उल्लेख तीन वक्त्यांनी केला.

त्या प्लेट सरांना दाखवल्या त्याच संध्याकाळी मी आईकडे गेले. सांगायचं ठरवून गेले होते, की मी रक्त घालून पाहिलं, नाही चालत. दादा कारखान्यात होता. आई झोपली होती. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर ओट्यावर सहाण दिसली. आमची जुनी, मधे खळगा पडलेली सहाण. लहानपणी बाळगुटी उगाळायची ती हीच, दादाला आणि मला. कित्येक वर्षं ती माळ्यावर होती. ती ओली होती, तिच्यावर तपकिरी पिवळा लेप होता आणि शेजारी अर्धा झिजलेला हिरडा पडला होता.

मी तशीच बाहेर आले आणि आईच्या पायाची पट्टी सोडायला लागले. तिला जाग आली.  पट्टी दवाखान्यातली नव्हती, जुन्या लुगड्याची होती. आत हिरड्याचा थर वाळून कवचासारखा बसला होता. वरून जखम कोरडी, जवळपास भरल्यासारखी दिसत होती. हिरडा तेवढं करतो, वरचं कातडं आवळून धरतो. मी कडेला बोट दाबलं, तर खालून पू आला.

इंजेक्शनला गेलीस का, असं मी विचारलं. तिनं मान वळवली. हळूहळू सगळं बाहेर आलं. बातमी आली त्याच आठवड्यात तिनं दवाखान्यात सांगितलं होतं, की सावनेरला नात्यात लग्न आहे, मी तिकडेच सुई घेईन. घरी दादाला सांगायची, जाऊन आली. ऑटोवाल्याला येऊ नको म्हणून निरोप दिला होता. इंजेक्शननं तिला मळमळायचं, शिरा सुजल्या होत्या आणि घरात तर पोरीचं औषध होतं. इतवारीहून हिरडे चक्कीवर येणाऱ्या एका बाईनं आणून दिले. रोज सकाळी आई उठून बसायची, सहाण मांडीवर घ्यायची आणि आम्हाला उगाळून चाटवायची तसा हिरडा उगाळून स्वतःच्या पायाला लावायची.

मी ओरडले. मला माझा आवाज शेजारपर्यंत गेलेला आठवतो. मी म्हटलं, तुले सांगितलं होतं ना, ते औषध नाही म्हणून? मी माह्या तोंडानं सांगितलं होतं ना?

आई माझ्याकडे बघत होती. ती घाबरलेली नव्हती, गोंधळलेली होती.

"पण फोटोत तं तूच होती ना वं?"

 माझ्या तोंडापेक्षा तिनं माझ्या फोटोवर विश्वास ठेवला. तोंड घरातलं होतं, फोटो पेपरातला होता. सगळं आयुष्य तिनं लोकांच्या डोळ्यांसमोर दळण दळून, मापून दिलं. पेपरात छापून आलं ते तिच्या दृष्टीनं असंच चार लोकांसमोर मापलेलं होतं. मी घरात येऊन हळू आवाजात नाही म्हणत होते, त्यात तिला माझी भीती दिसली, पोरगी जबाबदारी टाळते आहे असं वाटलं.

दुसऱ्या सकाळी आम्ही तिला सर्जनकडे नेलं. जंतू हाडात उतरला होता. गुडघ्याखाली पाय काढला. सही दादानं केली. ऑपरेशनच्या आधी सर्जननं मला बाजूला घेतलं आणि विचारलं, की तुम्ही तर याच विषयातल्या ना? मी हो म्हटलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. नंतर मात्र त्यांनी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली, की इंजेक्शनं चालू असती तरी पाय राहिलाच असता असं नाही, रक्त आधीच कमी पोचत होतं. हे वाक्य मी बरेच दिवस उगाळलं. त्यानं ना जखम भरते ना कोरडी पडते.

नातेवाइकांत दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणायचा, हिनं आईला कॉलेजातलं खरं औषध वेळेवर दिलं असतं तर म्हातारीवर घरी उगाळायची पाळी आली नसती. दुसरा म्हणायचा, हिनं पेपरात फोटो छापून आणायच्या हौसेपायी आईचा पाय घालवला. दोन्ही पक्ष माझ्या घरी चहा पिऊन गेले. कोणी मेडिकलवाल्याचं नाव घेतलं नाही, तो आजही कोपऱ्यावर बसून दोन-दोन कॅप्सूल कापून देतो. सरांचं घेतलं नाही. पत्रकाराचं तर कोणाला नावच माहीत नव्हतं. मी कितीदा मागे जाऊन बघितलं, कुठे माझं चुकलं. सांगायचं ते मी सगळ्यांना सांगितलं होतं, करायची ती परीक्षा केली होती. मी चुकले असते तर बरं झालं असतं. माफी तरी मागता आली असती.

चक्की आता दुसऱ्याला चालवायला दिली आहे. आई मधल्या खोलीत खुर्चीवर बसते, भिंतीपलीकडून तिला पट्ट्याचा आवाज येतो. ज्वारी बारीक पडते की भरड, हे ती आवाजावरून ओळखते आणि इथूनच ओरडून सांगते. तो चालवणारा वैतागतो. ते कात्रण दादानं प्लॅस्टिकमध्ये बंद करून आणलं, ते तिच्या खुर्चीमागे भिंतीवर आहे. मी ते दोनदा काढलं, दोनदा ते परत लागलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला आई अजूनही ते दाखवते. माह्या पोरीनं औषध काढलं, म्हणते. पाहुणा आधी कात्रणाकडे बघतो, मग साडीखाली जिथे दुसरा पाय नाही तिथे बघतो आणि मग माझ्याकडे बघायचं टाळतो. मी आईला पुष्कळदा सांगितलं, की नको दाखवत जाऊ. तिला त्यात विचित्र काही वाटत नाही. औषध खरं आहे, आपल्याला लागू पडलं नाही, असं तिचं म्हणणं. माझ्यावर तिचा राग नाही. राग असता तर मी भांडले असते.

जंतू मात्र आहे. आमच्याकडे चांगला जंतू कोणी फेकत नाही. थोड्या ग्लिसरीनमध्ये मिसळून छोट्या नळीत भरायचा आणि डीप फ्रीजरमध्ये ठेवायचा, वर्षानुवर्षं मरत नाही. मधून मधून काढून नव्या जेलीवर लावायचा, की ताजा होतो. दरवर्षी नवी मुलं आली की त्यांना औषधांना न जुमानणारा जंतू दाखवायला आम्ही हाच काढतो. मुलं त्याच्यावर आपापले अर्क चालवून बघतात. गेल्या वर्षी बेहडा होता, यंदा पळसाची फुलं आहेत. गोल मिळाला की पोरं टाळ्या देतात, फोटो काढतात. मी प्रत्येकाला रक्त घालूनही करायला लावते. तिथे गोल येत नाही, तेव्हा ती हिरमुसतात आणि विचारतात, मॅडम, हे प्रबंधात लिहिलंच पाहिजे का? मी म्हणते, हो, पहिल्या पानावर. माझ्या हाताखालची मुलं कमी होत चालली आहेत.

परवा आईकडे गेले होते. तिचं जेवण झालं होतं, मी तिच्या उरलेल्या पायाला तेल लावत होते आणि तळवा उलटा करून नीट तपासत होते, तसं मी गेले की प्रत्येक वेळी करते. ती सहज बोलावं तसं विचारती झाली, की माझ्या पायातला तो किडा अजून तुमच्याकडे आहे काय. मी सांगितलं, आहे. फ्रीजरमध्ये आहे, कालच पोरांनी बाहेर काढून नवीन प्लेटवर लावला.

"जिता आहे?"

"हाव. चांगला वाढते."

आईनं बोटांनी साडीची चुणी सारखी केली, जिथे खाली काही नाही तिथे.

"म्हणजे माह्या त्या पायाचं तेवढंच राह्यलं," ती म्हणाली. "मरू नको देऊ मंग त्याले."